पावणेअकरा ते पावणेअकरा : पेन स्टेटमधल्या एका रॅगिंगबळीचं प्रकरण

३ फेब्रुवारी २०१७, शुक्रवार. सकाळी १० वाजून ४८ मिनिटांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर एक फोन गेला. आमचा एक मित्र बेशुद्ध आहे, हलत नाही, बहुतेक अ‍ॅम्ब्युलन्स लागेल, एवढंच बोलणं झालं. हा मित्र आदल्या रात्री तळघराच्या जिन्यावरून पडला होता, हे फोन करणाऱ्याने सांगितलं नाही. पडला तेव्हा रात्रीचे साधारण पावणेअकरा झाले होते. म्हणजे पडल्यापासून फोन होईपर्यंत बारा तास गेले. या बारा तासांत तो मुलगा एकटा नव्हता. घर मुलांनी भरलेलं होतं, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता आणि भिंतींवर कॅमेरे होते.

मी बरीच वर्षं मुलांच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि रॅगिंगविरोधी समितीवरही होते. या समित्यांसमोर बोलायची वेळ आली की मी हेच प्रकरण मांडते. दारू किती पाजली, कोणी पाजली, यावर सगळ्यांची चर्चा लगेच रंगते. मला मात्र प्रत्येक वेळी एकाच गोष्टीवर थांबायचं असतं : फोन का झाला नाही?

मुलाचं नाव टिमथी पियाझा, घरचे आणि मित्र टिम म्हणायचे. वय १९. न्यू जर्सीतल्या एका शांत भागातला, पेन स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मोठा भाऊ त्याच विद्यापीठात शिकत होता. लहान मुलांसाठी आणि जखमी सैनिकांसाठी कृत्रिम हातपाय बनवायचे, असं टिमच्या मनात होतं. त्याला कोणी पकडून आणलं नव्हतं. तो आपल्या पायांनी, आनंदाने त्या घरात गेला होता, आणि पुढे कोर्टात हीच गोष्ट त्याच्या विरोधात वापरली गेली.

ते घर होतं बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीचं. आपल्याकडे याला नेमका जोड नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचा एक बंद गट. नाव ग्रीक अक्षरांचं, स्वतःची शपथ, स्वतःची गुपितं, आणि बहुतेक वेळा कॅम्पसलगत स्वतःचं मोठं घर. बीटा थीटा पाय ही १८३९ मध्ये ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावी, मायामी विद्यापीठात सुरू झालेली, अमेरिकेतल्या जुन्या फ्रॅटर्निटींपैकी एक. देशभरातल्या विद्यापीठांमध्ये तिच्या शाखा आहेत. आत गेलेले एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात. कॉलेज संपलं तरी हे नातं सुटत नाही. नोकरीची शिफारस, शहरातली पहिली ओळख, लग्नातली हजेरी, सगळं त्यातून येतं. चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या कॅम्पसवर एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला ‘आपली माणसं’ मिळण्याचा हा तयार रस्ता असतो. आधी ओळखीपाळखी, मग ‘बिड’ म्हणजे गटाकडून बोलावणं. ते स्वीकारलं की मुलगा ‘प्लेज’ होतो, म्हणजे उमेदवार. उमेदवारीचे काही आठवडे सिनियर सांगतील ते करायचं, आणि तोंड उघडायचं नाही.

पेन स्टेटमधली ही शाखा बदनाम वगैरे नव्हती, उलट नमुनेदार समजली जायची. एका श्रीमंत माजी सदस्याने पैसा ओतून घराचं रूप पालटलं होतं. आत सुरक्षेसाठी कॅमेरे होते. एक प्रौढ सल्लागार त्याच छपराखाली राहत होता. कागदावर तर ते घर दारूबंदीचं होतं. अमेरिकेत २१ वर्षांखालच्यांना दारू देणं हा तसाही गुन्हाच आहे. म्हणजे नियम होता, देखरेख होती, मोठं माणूस होतं. तपासणीच्या फॉर्मवर ज्या चौकटींत बरोबरच्या खुणा करतात, त्या सगळ्या चौकटी इथे भरलेल्या होत्या.

२ फेब्रुवारी, गुरुवार. बिड स्वीकारण्याची रात्र. १४ उमेदवार कोट-टायमध्ये हजर झाले. सुरुवातीच्या औपचारिक कार्यक्रमानंतर त्यांना एका रांगेत ‘गॉन्टलेट’मधून नेलं गेलं. या शब्दाचा जुना अर्थ दोन रांगांमधून मार खात धावण्याची शिक्षा असा आहे. इथे मार नव्हता, मुक्काम होते. एका मुक्कामावर व्होडकाची बाटली हातोहात फिरत होती, पुढे बिअर एका दमात संपवायची, पुढे वाइनची पिशवी तोंडाला लावायची, मग टेबलावर चेंडूचा पिण्याचा खेळ. रांगेत पुढे सरकायचं असेल तर पिऊनच. सरकारी पक्षाच्या हिशोबाने टिमला ८२ मिनिटांत किमान १८ पेग दिले गेले. रक्तातलं दारूचं प्रमाण नंतर ०.२८ ते ०.३६ टक्क्यांच्या दरम्यान असावं, असा अंदाज ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे पाहणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, अहवालात आहे. तिथे गाडी चालवायची मर्यादा ०.०८ आहे.

पावणेअकराच्या सुमारास टिम झोकांड्या देत तळघराच्या जिन्याकडे गेला आणि खाली कोसळला. चौघांनी उचलून त्याला वर दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आणून टाकलं. त्याच्या पोटावर डावीकडे मोठा काळानिळा डाग उमटला होता आणि तो कॅमेऱ्यातही दिसतो. आत त्याची प्लीहा फुटली होती आणि पोटात रक्त साचत चाललं होतं. डोक्यालाही मार होता.

इथे शरीराबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण माझ्या मते सगळं प्रकरण याच गाठीत अडकलं आहे. खूप प्यायलेला माणूस आणि आतून रक्त वाहत असलेला माणूस बाहेरून पुष्कळसे सारखे दिसतात. दोघंही फिके पडतात, हातपाय गार पडतात, बरळतात, तळमळतात, मग शांत होतात. प्यायलेल्याच्या बाबतीत आपण ‘झोपेल, उतरेल’ म्हणतो. रक्त वाहत असलेल्याच्या बाबतीत ही शांतताच सगळ्यात वाईट खूण असते. दोन्ही एकाच शरीरात असतील तर फरक ओळखणं कोणा मुलाच्या आवाक्यात नसतं, सोनोग्राफीशिवाय डॉक्टरच्याही नसतं. म्हणून ‘त्या मुलांना कळलं नाही’ हे वाक्य खरं असू शकतं. पण ज्याला कळत नाही त्याने काय करायचं असतं? कळणाऱ्याला बोलवायचं असतं. आणि आपल्याला कळत नाही, एवढं तरी त्यांना कळत होतं. मध्यरात्रीच्या आसपास एका सदस्याने बाकीच्यांना मेसेज टाकला होता : टिमचं प्रकरण खरंच अडचणीचं होऊ शकतं, तो १५ फूट जिन्यावरून डोक्यावर पडलाय, त्याला मदत लागेल.

मदत लागेल हे लिहिलं गेलं आणि मदत मागवली गेली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच रात्री घडल्या.

सोफ्यावर त्याच्याशी जे केलं गेलं ते कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. तोंडावर पाणी ओतलं, थोबाडीत मारून पाहिलं. मग पुस्तकांनी भरलेली दप्तराची सॅक त्याच्या पाठीला बांधली. का? झोपेत तो उताणा वळला आणि उलटी झाली तर ती घशात अडकून गुदमरेल, म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नाही. सॅक बांधणं हा निर्दयपणा नाही, ती काळजीच आहे. माणूस पिऊन मरू शकतो, कसा मरतो, हे त्या मुलांना माहीत होतं. त्यासाठीची घरगुती युक्ती त्यांच्याकडे तयार होती. त्या युक्तीला त्यांच्यात नाव होतं, म्हणजे ती आधीही वापरलेली होती. हॉस्पिटलऐवजी सॅक, ही त्या घराची पद्धत झाली होती. एखाद्या गटात अशी युक्ती रुळली की समजावं, इथे बाहेरच्याला न बोलावता निभावून न्यायची सवय मुरली आहे.

एक मुलगा मात्र बोलला. तो स्वतः त्याच गटातला, पण नवा, धाकट्या फळीतला. त्याने टिमकडे पाहिलं, पडल्याचं ऐकलं आणि याला हॉस्पिटलमध्ये न्या, ९११ला फोन करा, असं तावातावाने सांगू लागला. सिनियरांपैकी एकाने त्याला ढकलून भिंतीवर आपटलं. आम्ही बघतोय, तू निघ, असा सूर होता. तो आणखी एका पदाधिकाऱ्याकडे गेला. तिथेही त्याला उडवून लावलं. मग तो गेला.

समितीच्या बैठकीत या जागी कोणीतरी हमखास म्हणतं, त्याने स्वतःच फोन का नाही लावला? प्रश्न रास्त आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. आवाज उठवला, धक्का बसला, वरच्याकडे गेला, त्यानेही झिडकारलं. यानंतर आपण चुकतोय की काय असं वाटू लागणं हे एकोणीस-वीसच्या वयात फार साहजिक आहे. सगळे सिनियर शांत आहेत, म्हणजे मीच उगाच घाबरलोय. घोळक्यात प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवतो की घाबरायचं की नाही, आणि तिथे प्रत्येकाने चेहरा शांत ठेवलेला होता. ज्याच्या चेहऱ्यावर भीती होती त्याला खोलीबाहेर काढलं गेलं.

त्यानंतर घर झोपलं. टिम झोपला नाही. पहाटेपर्यंतचं चित्रीकरण सांगतं की तो पुन्हा पुन्हा उठायचा प्रयत्न करत होता. सोफ्यावरून खाली पडला. उभा राहिला, पुन्हा पडला, दगडी फरशीवर डोकं आपटलं. पोट धरून वाकला. अंधारात दाराच्या दिशेने, जिन्याच्या दिशेने धडपडत गेला. अधूनमधून कोणी ना कोणी खोलीत आलं, त्याला पाहिलं आणि गेलं. शेवटी तो पुन्हा तळघरात पोचला.

सकाळी दहाच्या सुमारास तो तिथे सापडला. अंग गार, श्वास जड, चेहऱ्यावर रक्त. पुन्हा उचलून वर आणलं. इथून फोन होईपर्यंत आणखी सुमारे ४२ मिनिटं गेली. रात्री निदान ‘उतरेल’ ही आशा होती. सकाळी तीही सबब उरली नव्हती. त्या ४२ मिनिटांत त्याला पांघरुणं घातली, कपडे चढवायचा प्रयत्न केला, आणि एकाने मोबाइलवर प्यायलेल्या माणसाचे हातपाय गार का पडतात, हे शोधलं. बोटं मोबाइलवर होती. तीन आकडे दाबायचे तर तिथेच होते.

टिमला जवळच्या माउंट निटनी मेडिकल सेंटरमध्ये नेलं, तिथून हेलिकॉप्टरने हर्शीच्या मोठ्या रुग्णालयात. कवटीला तडा, फुटलेली प्लीहा, रक्तस्रावाने आलेला शॉक. ४ फेब्रुवारीच्या पहाटे तो गेला. वेळेत आणलं असतं तर तो वाचू शकला असता, असं वैद्यकीय मत तपासात नोंदलं गेलं.

इकडे घरात आवराआवर चालू झाली. ग्रुपवरचे मेसेज काढून टाका, असे निरोप फिरले. तळघरातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण पुसलं गेलं. एफबीआयने ते पुढे परत मिळवलं. ८२ मिनिटं आणि १८ पेग हा हिशोब लागला तो त्यानंतरच. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यामुळे आणखी १२ जणांवर आरोप ठेवले गेले.

खटल्याची कथा लांबलचक आहे, मी ती आवरून सांगते. मार्च २०१७ मध्ये विद्यापीठाने या शाखेची मान्यता कायमची काढून घेतली. ५ मे २०१७ रोजी सेंटर काउंटीच्या सरकारी वकील स्टेसी पार्क्स मिलर यांनी १८ सदस्यांवर आणि शाखेवरही आरोप जाहीर केले. त्यातल्या आठ जणांवर इन्व्हॉलंटरी मॅनस्लॉटरचा, म्हणजे आपल्याकडच्या ‘निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारणीभूत’च्या जवळ जाणारा आरोप होता. सप्टेंबरमध्ये प्राथमिक सुनावणीतच न्यायाधीशांनी हा आणि गंभीर मारहाणीचा असे दोन्ही वजनदार आरोप काढून टाकले. बचाव पक्षाचा रोख स्पष्ट होता : टिम सज्ञान होता, स्वतःहून आला, स्वतःच्या हाताने प्यायला, त्याला कोणी धरून पाजलं नाही, आणि तो मरेल असं कोणाला वाटलं नव्हतं. सरकारी पक्षाने आरोप पुन्हा लावून पाहिले. २०१८ मध्ये प्रकरण राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल जॉश शपिरो यांच्याकडे गेलं, जे पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. तरी मोठे आरोप टिकले नाहीत. उरले ते हेझिंगचे, म्हणजे तिकडच्या रॅगिंगचे, २१ वर्षांखालच्यांना दारू दिल्याचे, आणि पुरावा नष्ट केल्याचे. काहींनी गुन्हा कबूल केला. शिक्षा म्हणजे घरातली नजरकैद, प्रोबेशन (तुरुंगाबाहेर, पण देखरेखीखाली राहणं), दंड, समाजसेवा.

सगळ्यात शेवटी राहिले ते दोघं : शाखेचा तेव्हाचा अध्यक्ष आणि उमेदवारांची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो पदाधिकारी. जुलै २०२४ मध्ये दोघांनी हेझिंगचे १४ आणि जीव धोक्यात घातल्याचा एक गुन्हा कबूल केला. उमेदवार १४, गुन्हेही १४. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना दोन ते चार महिने तुरुंगवास आणि त्यानंतर तीन वर्षांचं प्रोबेशन सुनावलं गेलं. घटनेला तेव्हा साडेसात वर्षं उलटून गेली होती.

ही शिक्षा कमी आहे, असं मला वाटतं. पण त्याहून जास्त मला ‘तो स्वतःच्या हाताने प्यायला’ हे वाक्य बोचतं. उमेदवाराच्या होकाराला किंमत किती? रांगेत मागे तेरा जण उभे, पुढे ब्रदर ओरडतोय, आज नाही म्हटलं तर आजवरची धडपड पाण्यात आणि उद्यापासून कॅन्टीनमध्ये एकटं बसायचं. अशा जागी हात बाटलीकडे जातो, त्याला स्वेच्छा म्हणायचं तर म्हणावं, पण न्यायाच्या तराजूत तिचं वजन घालू नये. टिमचे आई-वडील, एव्हलिन आणि जिम पियाझा, यांनी हाच मुद्दा धरून ठेवला. शोक करत ते घरी बसले नाहीत. विधिमंडळात गेले, आपला मुलगा कसा गेला ते परक्या सभागृहांतून, कॉलेजांमधून पुन्हा पुन्हा सांगितलं. स्वतःच्या लेकराच्या शेवटच्या रात्रीचा तपशील इतक्या वेळा उच्चारायचा, यासाठी काय बळ लागत असेल याचा मला अंदाजही करवत नाही.

१९ ऑक्टोबर २०१८ रोजी गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी पेनसिल्व्हेनियाचा टिमथी जे. पियाझा हेझिंगविरोधी कायदा मंजूर केला. १९८६ पासून त्या राज्यात हेझिंग हा किरकोळ गुन्हा होता. आता मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विद्यार्थ्याची संमती होती हा बचाव चालत नाही. संस्थांना हेझिंगच्या प्रकरणांचे अहवाल प्रसिद्ध करावे लागतात. आणि ज्याने पहिल्यांदा मदत मागवली, खरं नाव सांगितलं, मदत येईपर्यंत जखमीजवळ थांबला, त्याला कारवाईतून संरक्षण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवरही कायदा झाला. आता अमेरिकेतल्या कॉलेजांना आपल्या वार्षिक सुरक्षा अहवालात हेझिंगच्या घटना मोजून द्याव्या लागतात. याची गरज किती होती हे पाहायचं तर हँक न्यूअर या पत्रकाराने वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद पाहावी : १९५९ पासून २०२१ पर्यंत अमेरिकेत असं एकही वर्ष गेलं नाही की ज्यात हेझिंगने किमान एक जीव घेतला नाही.

मदत मागवणाऱ्याला संरक्षण ही तरतूद मला या कायद्यातली सगळ्यात मोलाची वाटते, पण तिच्याबाबत एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी. दारू प्यायलेल्या २१ वर्षांखालच्या मुलाने मित्रासाठी मदत मागवली तर पिण्याबद्दल त्याच्यावर कारवाई नाही, अशी तरतूद पेनसिल्व्हेनियात २०१७च्या आधीपासून होती. तरी त्या रात्री कोणी फोन लावला नाही. का, हे मी पुष्कळ विचार करून असं लावते : ती सवलत एकट्या मुलासाठी होती, आणि त्या घरात कोणीही एकट्याने विचार करत नव्हतं. भीती ‘मला पकडतील’ ही नव्हती, ‘घर बंद पडेल’ ही होती. अ‍ॅम्ब्युलन्स दारात आली की दारूबंदीच्या घरात दारू होती हे उघड होणार, मान्यता जाणार, माजी सदस्यांनी उभं केलेलं सगळं आपल्या हातून बुडणार. हे ओझं त्या पोरांच्या डोक्यावर होतं. नियम जितका कडक आणि तो मोडल्याची शिक्षा जितकी सामुदायिक, तितका फोन जड होत जातो. दारूबंदीच्या नियमाने त्या घरातली दारू थांबली नाही. थांबला तो फोन.

आपल्याकडे फ्रॅटर्निटी नाहीत, हॉस्टेलं आहेत. रॅगिंगविरुद्ध पहिला कायदा तमिळनाडूने १९९७ मध्ये केला, महाराष्ट्राचा १९९९चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, दोषी विद्यार्थ्याला संस्थेतून काढणं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रारीकडे डोळेझाक करणाऱ्या संस्थाप्रमुखालाही गुन्ह्याला साथ दिल्याबद्दल जबाबदार धरणारं कलम त्यात आहे, आणि ही गोष्ट चांगली आहे. २००९ मध्ये हिमाचलातल्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा मुलगा सिनियरांच्या मारहाणीने गेला, त्यानंतर यूजीसीचे नियम आणि हेल्पलाइन आली. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी मुलं आणि पालक हमीपत्र भरतात, ते त्यातूनच आलं. आपला फ्रेशर आणि तिकडचा प्लेज यांत फरक मोठा आहे. आपल्या मुलाने हॉस्टेल निवडलेलं असतं, सिनियर नाही. तो त्यांच्यात जायला धडपडत नसतो, त्यांच्यापासून सुटायला धडपडतो. पण पहिल्या दिवशी आपण त्याच्यापुढे जे भाषण करतो, ते मात्र तिकडच्यासारखंच असतं.

मी करायचे ते भाषण मला पाठ आहे. ‘हॉस्टेलच्या आवारात दारूची बाटली सापडली तर त्या खोलीतल्या सगळ्यांची नावं काढली जातील.’ सगळ्यांची, हा शब्द मी जोर देऊन म्हणायचे. त्यातच शिस्त आहे असं मला वाटायचं.

एका वर्षी थंडीत पहाटे साडेपाचला एका मुलाने माझं दार वाजवलं. त्याचा खोलीतला सोबती आदल्या रात्री बाहेरून पिऊन आला होता, रात्रभर उलट्या करत होता, आता उठवून उठत नव्हता. आम्ही रिक्षाने नेलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, दुपारपर्यंत तो बोलायला लागला. वाचला. मी दार वाजवणाऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं, रात्री एक वाजल्यापासून त्याची ही अवस्था होती ना, मग साडेपाचपर्यंत काय करत होतास? तो खाली बघत म्हणाला, ‘मॅडम, आम्ही त्याला कुशीवर झोपवून मागे गाद्यांची वळकटी लावली होती. खोलीत चौघं आहोत. चौघांचीही नावं गेली असती ना.’

गाद्यांची वळकटी. मी टिमबद्दल वाचलं ते यानंतर दोनेक वर्षांनी, आणि सॅकपाशी आल्यावर माझं पान का उलटेना, त्याचं कारण हे आहे.

पुढच्या जूनमध्ये पहिल्या वर्षाची मुलं हॉलमध्ये बसली होती. मी ते जुनं वाक्य वगळलं. म्हटलं, कोणी आजारी पडलं, पडलं-झडलं, प्यायलेलं असलं तरी, रात्री कितीही वाजता मला फोन करायचा. फोन करणाऱ्यावर आणि त्याच्या खोलीवर कारवाई होणार नाही. मागच्या रांगेतून एक बारीकसा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे लिहून द्याल का?’

हॉलमध्ये हशा पिकला. मी दुपारी प्राचार्यांकडे गेले. त्यांना पटवायला पाऊण तास लागला, पण सही झाली. संध्याकाळी तो कागद मेसच्या दारावर, माझ्या मोबाइल नंबरसकट चिकटवला.

त्या वर्षी रात्री बारानंतर मला सहा फोन आले. त्यातले दोन दारूचे होते.